झिरो मशीन आणि त्याची पाती

केस कापायला बसले की न्हावी दादा विचारतात, "कसे कापू?" म्हातारा माणूस म्हणतो, "बारीक करा. महिनाभर बघायला नको." तरणी पोरं म्हणतात, "बाजूनं झिरो मारा."

झिरो म्हणजे शून्य. केस अगदी कातडीला लागून कापायचे. वस्तरा न लावता मशीनने इतके बारीक कसे कापले जाते? आणि तेच मशीन कधी कधी कातडीही कापते, ते का? हे आपण पाहू. दुकान चालवणाऱ्याला हे माहीत असलेच पाहिजे. पण आता पुष्कळ घरांतही मशीन आले आहे. बाप पोराचे केस ओट्यावर बसवून स्वतःच कापतो. त्यानेही हे वाचावे.

पूर्वी न्हाव्याच्या धोकटीत हाताचे मशीन असे. दोन दांड्या मुठीत धरून दाबायच्या आणि सोडायच्या. कट्‌ कट्‌ आवाज होई आणि केस खाली पडत. पाती ढिली असली की केस कापण्याऐवजी ओढले जात, आणि पोरे रडत. तुमच्यापैकी पुष्कळांना ते आठवत असेल. विजेच्या मशीनसाठी अमेरिकेतल्या लिओ वॉल या माणसाने १९१९ साली पेटंटचा अर्ज केला. मशीन हाताचे असो की विजेचे, केस कापायची रीत एकच आहे.

मशीनच्या तोंडाशी दोन पाती असतात. दोन्हींना कंगव्यासारखे दाते असतात. खालचे पाते कातडीला टेकते. ते हलत नाही. वरचे पाते त्याच्यावर डावी-उजवीकडे सरकते. केस दोन दात्यांच्या मधे शिरतो आणि कात्रीत सापडावा तसा कापला जातो. वायरीवर चालणाऱ्या पुष्कळ मशीनांत लोहचुंबक असतो. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होते, आणि चुंबक दर खेपेला दोनदा ओढतो. म्हणजे वरचे पाते मिनिटाला सुमारे ६००० वेळा सरकते! कातडी चुकून त्याच्या पुढे आली तर हात मागे घ्यायला वेळ कुठला मिळायचा?

आता खालचे पाते हातात घेऊन बाजूने बघा. ते मागे जाड आहे आणि दात्यांच्या टोकाकडे पातळ होत गेले आहे. सगळी मख्खी इथे आहे. वरचे पाते मागे असले की कातडी आणि त्याच्यामध्ये लोखंडाचा जाड भाग राहतो. मग केस तेवढे लांब राहतात. वरचे पाते टोकाकडे आले की मधला भाग पातळ होतो. मग केस बारीक कापले जातात. वरचे पाते खालच्याच्या अगदी काठाशी आणले की झिरो.

आणि काठ ओलांडला तर? मग मधे काहीच राहत नाही. वरचे पाते सरळ कातडीवर चालते.

आमच्याच घरी हे घडले आहे. एका रविवारी आम्ही मशीनची पाती साफ करायला काढली आणि परत बसवली. दोन्ही पात्यांच्या कडा छान जुळवल्या. स्वतःवरच खूष झालो. मग पोराला पाटावर बसवले. कानामागे मशीन लावले मात्र, पोरगा किंचाळला. बघतो तर कानामागे बारीक बारीक ओळींत रक्त आलेले. त्याची आजी धावत आली. पोराला हळद लावली, आणि आम्हाला जे बोलायचे ते बोलली. ते इथे लिहीत नाही.

चूक काय झाली होती? मशीनच्या कुशीला एक छोटी दांडी असते. ती पुढे-मागे केली की पाते थोडे सरकते आणि केस लांब किंवा बारीक कापता येतात. आम्ही पाती जुळवली तेव्हा ही दांडी "लांब" या बाजूला होती. कापताना ती "बारीक"कडे लोटली. आधीच काठाशी असलेले पाते त्यामुळे काठाच्या बाहेर गेले. म्हणून पाती जुळवण्याआधी दांडी "बारीक"च्या शेवटापर्यंत लोटून ठेवावी. दुसरे काही विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

आता जुळवायचे कसे, ते सांगतो.

आधी वायर काढा. बटण बंद केले एवढ्यावर विसंबू नका. वायरच भिंतीतून काढा. मशीन चार्जिंगचे असेल तर ते बंद करून बटणापासून बोटे दूर ठेवा. मग ब्रशने दात्यांतले केस झाडा. पुष्कळदा मशीन बारीक कापत नाही, केस ओढते, ते पात्यांच्या जागेमुळे नव्हे. मधे केस आणि मळ अडकलेला असतो, आणि तेल कोरडे झालेले असते. तेव्हा साफ करून शिवणाच्या मशीनचे दोन-तीन थेंब तेल द्या आणि आधी एकदा चालवून बघा. खोबरेल घालू नका. ते चिकट होऊन बसते आणि थंडीत थिजते. एवढ्यावर काम झाले तर पेचकस हातात घ्यायची गरजच नाही.

तरी बारीक कापत नसेल तर वायर पुन्हा काढा आणि मशीन पालथे करा. खालच्या पात्याला दोन स्क्रू दिसतील. ते काढायचे नाहीत, फक्त ढिले करायचे. पाते बोटाने सरकेल इतकेच. आता गंमत बघा. जागचे हलवायचे ते वरचे पाते नव्हे, खालचे! खालचे पाते मागे ढकलले की वरचे आपोआप काठाजवळ येते. कंपनीतून मशीन येते तेव्हा दोन्ही कडांत साधारण एक मिलिमीटर जागा असते. ही जागा हळूहळू कमी करा. पण पुरती संपवू नका. लग्नपत्रिकेचा कागद जेवढा जाड असतो, निदान तेवढी खालच्या पात्याची कड पुढे दिसली पाहिजे. चष्मा असेल तर लावा. उजेडाकडे धरून दोन्ही टोके बघा. एका टोकाला जागा आणि दुसऱ्या टोकाला नाही, असे तिरके पाते सगळ्यात वाईट. मधून बघणाऱ्याला ते कळत नाही, पण टोकाचा एक दाता कातडी फाडतो.

स्क्रू आवळताना एक आधी पुरता आवळू नका. पाते त्याच्याबरोबर फिरते आणि केलेली मेहनत फुकट जाते. हा थोडा, मग तो थोडा, असे आळीपाळीने आवळा. आवळून झाल्यावर कड पुन्हा बघा. कुशीची दांडी पुढे-मागे करा आणि आणखी एकदा बघा.

मग परीक्षा. ती गिऱ्हाइकाच्या मानेवर घ्यायची नाही आणि पोराच्या डोक्यावर तर नाहीच. स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूवर घ्या. मशीन चालू करून आडवे टेकवा आणि हलकेच फिरवा. गुदगुल्या झाल्या तर ठीक. चरचरले किंवा लाल रेघ उठली तर लगेच बंद करा आणि खालचे पाते केसभर पुढे घ्या.

एवढे करूनही मशीन केस ओढत असेल तर धार गेली आहे. चाकू-विळ्यांना धार लावणाऱ्याच्या फिरत्या दगडावर ही पाती देऊ नका. दोन्ही पाती एकमेकांना सपाट बसली तरच केस कापला जातो, आणि त्या दगडावर तो सपाटपणा जातो. त्यापेक्षा नवी जोडी आणलेली बरी.

आता झिरो कोणाला मारू नये, तेही सांगितले पाहिजे. तान्ह्या पोराचे जावळ काढताना झिरो नको. त्याची टाळू मऊ असते, आणि पोर मान हलवतेच. डोक्यावर गळू, खरूज किंवा नायटा असेल तिथे नको. काहींचे केस कुरळे असतात. फार बारीक कापले की केसाचे टोक वाढताना वळून परत कातडीत शिरते आणि तिथे पुटकुळी येते. मानेमागे अशा पुटकुळ्या ज्याला वारंवार येतात, त्याने "झिरो मारा" म्हणू नये. थोडे केस राहू द्यावेत.

रक्ताची गोष्ट वेगळी आहे. जवळून कापताना डोळ्यांना न दिसणारी खरचटणे होतात. ते रक्त पात्याला लागते आणि पुढच्या गिऱ्हाइकाला जाते. कावीळ ब हा रोग रक्तातून पसरतो. त्याचे विष बाहेर, वाळलेल्या डागातही, सात दिवस जिवंत राहू शकते. म्हणून दर माणसामागे पाती झाडून, स्पिरिटने ओली करून वाळू द्यावीत. नुसते फडक्याने पुसून भागत नाही. रक्त दिसले तर ती पाती धुऊन स्वच्छ होईपर्यंत दुसऱ्याला लावूच नयेत. स्पिरिट पेट घेते, तेव्हा हे काम मशीन बंद असताना आणि बिडी-काडीपासून दूर करावे. मग पुन्हा थेंबभर तेल द्यावे, नाहीतर पाती गंजतात. आपण गिऱ्हाईक असलो तर "दादा, पाती पुसली का?" असे विचारायला लाजू नये. दादांनीही त्याचा राग मानू नये. या काविळीची लस निघाली आहे. रोज वस्तरा-मशीन हाताळणाऱ्याने ती घ्यावी. दवाखान्यात विचारले की सांगतात.

पाती एकदा बरोबर बसली की आम्ही आणखी एक गोष्ट करतो. खालच्या पात्याची मागची कड जिथे येते, तिथे मशीनच्या अंगावर नखपॉलिशची बारीक रेघ ओढतो. पुढच्या वेळी साफ करायला पाती काढली की परत त्या रेघेशी आणून बसवायची. रेघ आजीने ओढली. पोरगा अजून आमच्या हाताखाली बसत नाही, पण आजी शेजारी उभी असेल तर बसतो.