उतू गेलेला उजेड

गॅसवर दूध ठेवून कुणी जरा बाजूला गेलं की काय होतं? फस्स! दूध उतू जातं. मग गॅस कितीही बारीक करा, सांडलेलं दूध पातेल्यात परत येत नाही. व्हिडिओतल्या उजेडाचंही अगदी असंच असतं बरं का!

हा धडा मला आमच्या स्नेहसंमेलनात मिळाला. मुलांनी लेझीमसाठी पांढऱ्या सदऱ्यांवर स्वतः फिकट अबोली फुलं रंगवली होती. दुपारचं ऊन, मुलांच्या मागे झाडाची दाट सावली. मोबाइलने ती सावली पाहिली, त्याला वाटलं अंधार आहे, आणि त्याने उजेड वाढवला. मी म्हटलं, "असू दे, नंतर संगणकावर सुधारू." या सुधारण्यालाच कलर ग्रेडिंग म्हणतात.

घरी बसून उजेड कमी केला. सदरे पांढऱ्याचे राखाडी झाले, पण फुलं काही दिसेनात! मुलांनी विचारलं, "बाई, आमची फुलं कुठं गेली?" काय उत्तर देणार?

आता यामागचं कारण पाहू. कॅमेऱ्यातल्या सेन्सरवर लाखो सूक्ष्म ठिपके असतात. प्रत्येक ठिपका म्हणजे उजेड साठवणारं इवलंसं पातेलं. साध्या, म्हणजे ८ बिटच्या व्हिडिओत हा उजेड ० ते २५५ अशा आकड्यांत लिहिला जातो. पातेलं भरलं की आकडा २५५, त्यापुढे नाही. माझ्या व्हिडिओत सदरा २५५ आणि फूलही २५५! दोघांचा आकडा एकच, मग संगणकाने फूल ओळखावं कसं? १० बिटच्या व्हिडिओत आकडे १०२३ पर्यंत जातात, छटा जास्त मिळतात. पण पातेलं भरलं की भरलंच.

मग सगळं काळोखं टिपायचं का? छे! अगदी कमी उजेडात टिपलेला भाग नंतर उजळला, की त्यावर रवाळ ठिपके नाचू लागतात. म्हणून नियम सोपा आहे : पातेलं भरू द्यायचं, उतू जाऊ द्यायचं नाही.

मोठ्या कॅमेऱ्यावर उजेड आवरायला तीन गोष्टी असतात : भिंगाचं छिद्र म्हणजे ॲपर्चर, शटरचा वेग आणि आयएसओ. सेकंदाला २५ चित्रं घेत असाल तर शटर बहुधा १/५० सेकंद ठेवतात. त्यामुळे हालचाल डोळ्यांना सहज वाटते. मग उन्हात काय करायचं? आयएसओ कमी करायचा, छिद्र लहान करायचं. तरीही उजेड जास्त झाला तर भिंगाला एनडी फिल्टर लावायचा. तो म्हणजे कॅमेऱ्याचा गॉगलच! बऱ्याच कॅमेऱ्यांत जास्त उजळ भागावर झेब्र्यासारखे पट्टेही दिसतात. ते दिसले, की समजायचं, दूध वर आलं!

मोबाइलवर हे करून बघा. फिकट नक्षीचा पांढरा रुमाल उन्हात वाळत घाला. पडद्यावर रुमालाला बोट लावा. बऱ्याच मोबाइलांत सूर्याचं छोटं चित्र येतं. ते खाली सरकवा, नक्षी नीट दिसेपर्यंत. आता चित्रण करा. मग सूर्य वर सरकवून पुन्हा एकदा करा. नंतर दुसऱ्या व्हिडिओचा उजेड कमी करून पाहा. नक्षी परत येते का?

यंदा लेझीमच्या वेळी मी आधी सदऱ्यावर बोट ठेवलं, फुलं दिसली, मगच बटण दाबलं. मागची झाडं जरा काळी आली, ती नंतर उजळता आली. फुलं मात्र एकूण एक जागेवर होती!