रिकामी जागाही चित्राचाच भाग

‘किल्ला काढा’ म्हटले की वर्गातल्या बहुतेक वह्यांत एकच चित्र दिसते. किल्ला बरोबर मध्यभागी, दोन्ही बाजूंना सारखे बुरूज आणि उरलेली जागा रंगाने भरलेली. ‘कागद रिकामा ठेवू नका’ असे आपणच सांगितलेले असते. पण कागद भरला म्हणजे रचना साधली असे नाही. एक प्रयोग करून पाहू.

पुठ्ठ्यात ९ सेंमी लांब व ६ सेंमी रुंद खिडकी कापा. पारोळ्याच्या भुईकोट किल्ल्याच्या खंदकाबाहेर उभे राहून, एक डोळा मिटून तिच्यातून पाहा. बुरूज मध्यभागी आणला की नजर तिथेच थांबते. खिडकी थोडी उजवीकडे सरकवा. बुरूज डावीकडे जातो आणि ती बाजू जड वाटू लागते. अशा वेळी उजव्या कडेजवळ एखादा पक्षी आला की तोल सावरतो.

एवढासा पक्षी बुरुजाला कसा पुरतो? तरफ आठवा. टेकूजवळ बसलेल्या मोठ्या मुलाला फळीच्या टोकाचे लहान मूल तोलून धरते. चित्रात भार म्हणजे नजर ओढण्याची शक्ती. मोठा आकार, गडद रंग, माणसाचा चेहरा यांत ती अधिक असते. अर्थात ही उपमा आहे. हा भार ग्रॅममध्ये मोजता येत नाही. शिवाय तो भोवतालावर अवलंबून असतो. मोकळ्या आकाशातला पक्षी लगेच दिसतो. ढगांनी आणि फांद्यांनी आकाश भरून टाकले की तोच हरवतो. म्हणजे रिकामी जागाही काम करत असते.

सममिती ही चूक नव्हे. रांगोळीला तिच्यामुळेच स्थैर्य येते. पण तोल साधण्याचा तो एकमेव मार्ग नाही.

आपल्याच जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावला, छायाचित्रकार केकी मूस (१९१२–१९८९) टेबलावर छोट्या वस्तू मांडून त्यांतून निसर्गदृश्ये उभी करत. तिथे कोणती वस्तू कुठे ठेवायची आणि कुठे काहीच ठेवायचे नाही, हाच खरा प्रश्न असतो.

तेव्हा एखाद्या मुलाने अर्धा कागद कोरा सोडला, तर लगेच गुण कापू नयेत. ‘नजर आधी कुठे जाते? मग कुठे?’ एवढेच विचारावे. त्याला उत्तर देता आले, तर तो रचना शिकू लागला आहे.