जत्रेचा पैसा गावात किती मुरतो?

उज्जैनच्या रेल्वे स्थानकातून बाहेर पडलेला यात्रेकरू बहुधा पश्चिमेची वाट धरतो. महाकालेश्वराचे मंदिर, क्षिप्रेचे घाट, जुन्या पेठा ही सर्व त्याच अंगास आहेत. रुळांच्या पलीकडे, पूर्वेस, फ्रीगंज नावाचा भाग आहे. तेथे घड्याळाचा एक मनोरा उभा आहे, म्हणून त्या जागेस टावर चौक म्हणतात. कामानिमित्त दोन दिवस त्या नगरीत राहण्याचा योग आला तेव्हा दोन्ही दिवशीची सायंकाळ आम्ही याच चौकात घालविली.

दिवेलागणीच्या सुमारास तेथे खाण्याच्या गाड्या लागू लागतात. वाफेवर ऊन राखलेली साबुदाण्याची खिचडी, तीवर मसाला आणि मूठभर शेव. पलीकडे पाणीपताशे, चाट, कुल्फी. आपल्याकडे शेजारच्या घरी एकादशीला जी खिचडी होते, तीच येथे वारातिथीचा विचार न करता खातात. शिंदे-होळकरांच्या काळी मराठी घरे माळव्यात आली, त्यांच्या मागोमाग हा पदार्थही आला असेल तर नवल नाही. पेयांविषयी बोलायचे तर येथे ऊसाचा रस, लस्सी आणि शिकंजी एवढ्यावरच भागवावे लागते, कारण १ एप्रिल २०२५ पासून मध्य प्रदेश सरकारने उज्जैन महानगरपालिकेच्या हद्दीत दारूची दुकाने बंद केली आहेत. आम्हांस त्याची खंत वाटली नाही.

आम्ही तेथे बसून राहिलो त्याला मात्र खिचडीखेरीज दुसरेही कारण होते. आमच्या परिचयाच्या एका धर्मग्रामात यंदाच्या फेस्ताला ‘खाद्यमहोत्सव’ भरवावा असे घाटत आहे. शहरातील एक मंडळी तीन दिवसांसाठी मैदान घेणार, मांडव, दिवे, वाजंत्री सारे तीच पाहणार, आणि देवळाच्या दुरुस्तीसाठी ठोक रक्कम देणार. अट एकच, की त्या तीन दिवसांत मैदानाभोवती दुसऱ्या कोणी खाण्याचे पदार्थ विकू नयेत. आता फेस्ताच्या दिवशी तेथे वर्षानुवर्षे बसणाऱ्या सहा-सात बाया आहेत. कोणी उकडलेल्या शेंगा आणते, कोणी वडे, कोणी फुगे तळते. त्यांपैकी दोघी विधवा आहेत. कमिटीत मते दुभंगली असून आमचेही मत विचारण्यात आले आहे. देवळाचे छप्पर गळते ही गोष्ट खरी, आणि त्या बायांच्या घरचेही गळते, हीही खरी.

मेळा पार पडला की वर्तमानपत्रात आकडा येतो: इतके लाख लोक आले. पण लोक आले म्हणजे गावाचा धंदा वाढला असे होत नाही. पाऊस किती पडला आणि विहिरीस पाणी किती चढले, हे दोन वेगळे हिशेब आहेत, हे शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. उताराच्या खडकावर पडलेला पाऊस ओढ्यातून निघून जातो. बांध घातलेल्या शेतात पडलेला मुरतो. जत्रेच्या पैशाचेही असेच आहे.

टावर चौकातील एका गाडीवर घटकाभर मन लावून हिशेब करून पाहा. समजा, दिवसाकाठी शंभर रुपयांची खिचडी खपली. साबुदाणा येतो तो बहुतांशी तामिळनाडूतील सेलमकडचा, तेव्हा ते रुपये दूर गेले. गॅसचे पैसेही बाहेर गेले. परंतु बटाटा माळव्यातला, शेव गावच्याच कारागिराची, लिंबू-कोथिंबीर सकाळच्या मंडईतली. उरलेली कमाई गाडीवाल्याच्या घरी जाते, आणि तेथून ती किराणा दुकानदाराकडे, शिंप्याकडे, मुलाच्या शाळेकडे वळते. म्हणजे एकच नोट गाव सोडण्यापूर्वी चार-पाच हात फिरते. आता तेच शंभर रुपये दुसऱ्या शहरातून आलेल्या गाळ्यावर खर्च झाले, ज्याचा आचारी, माल, वाढपी आणि पेढी सारी तिकडचीच, तर गावात काय राहिले? गाळ्याचे भाडे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी झाडावयाच्या पत्रावळी.

याहून सूक्ष्म गोष्ट आहे ती अशी. आपल्या घरात महिन्याला बाहेर खाण्यासाठी जे पैसे निघतात, ते मेळा भरला म्हणून दुप्पट होत नाहीत. गावकरी तीन दिवस मैदानावर जेवला तर पुढचे पंधरा दिवस तो कोपऱ्यावरच्या हलवायाकडे जात नाही. नवा पैसा फक्त परगावाहून आलेल्या पाहुण्याचा. उज्जैनीस २०२४ पासून विक्रम व्यापार मेळा भरतो, आणि त्यात मोटारगाडी घेणाऱ्यास करात पन्नास टक्के सवलत मिळते. सवलत मेळ्यापुरतीच असली की शहाणा गिऱ्हाईक काय करील? माघ महिन्यात घ्यावयाची गाडी फाल्गुनापर्यंत लांबणीवर टाकील. मेळ्याचा आकडा फुगला, यात शंका नाही. वर्षाचा आकडा त्याच मापाने फुगला की नाही, हे निराळे पाहावे लागते. खाण्याच्या बाबतीत तर माणसाचे पोट एकच आहे.

टावर चौक या दृष्टीने फार बोलका आहे. ११ ऑक्टोबर २०२२ रोजी महाकाल लोकाचे उद्घाटन झाल्यापासून यात्रेकरूंचा ओघ पुष्कळ वाढला आहे. तेथेच नीलकंठ वनात ७ जानेवारी २०२४ रोजी ‘प्रसादम्’ नावाची स्वच्छ खाद्यगल्ली सुरू झाली. देशातील अशा प्रकारची ती पहिलीच. ९३९ चौरस मीटर जागा, १९ दुकाने. देशात अशा शंभर गल्ल्या उभारून प्रत्येकीस एक कोट रुपये द्यावेत, अशी केंद्र सरकारची ती योजना होती. पिण्याचे शुद्ध पाणी, हात धुण्याची सोय, बंद कचराकुंडी, हे सर्व चांगलेच आहे. उघड्यावरच्या पाण्याने आजारी पडलेला पाहुणा गावचे नाव वाईट करून जातो. तथापि दारात लाखाचा समुदाय आणि दुकाने एकोणीस, तेव्हा गाळा कोणास मिळाला यावरच सगळे अवलंबून राहते. आणि रुळांपलीकडच्या चौकातला खिचडीवाला? त्याच्याकडे त्या गर्दीतला कोणी चुकूनच येतो. त्याचे गिऱ्हाईक म्हणजे फ्रीगंजातले दुकानदार, कचेऱ्यांतले कारकून, शिकवणीची मुले, सायंकाळी हवा खायला निघालेली कुटुंबे. उत्सव दोन कोसांवर असला तरी त्याच्या लाभासाठी मधला पूल ओलांडावा लागतो, आणि तो गिऱ्हाइकाने ओलांडावा असे काही कारण कोणीतरी निर्माण करावे लागते.

बाराही महिने चालणाऱ्या अशा बाजाराचा शेजारच्या दुकानांस काय उपयोग, हे पाहावयाचे तर पन्नासएक किलोमीटरवर इंदूरचा सराफा आहे. दिवसा सोन्याचांदीची पेढी, रात्री त्याच ओट्यांवर भुट्ट्याचा कीस, गराडू आणि जिलेबी. रात्रभर माणसांचा राबता राहिला की चोरास वाव मिळत नाही, म्हणून सराफांनीच ही मंडळी बसू दिली, असे तेथे सांगतात. मोठा सुरेख शेजारधर्म. परंतु २०२५ मध्ये त्याच सराफांनी कुरकुर सुरू केली. गाड्या फार वाढल्या, जुन्या पदार्थांच्या जागी कोठलेही पदार्थ येऊ लागले, गॅसच्या टाक्यांमुळे आगीचे भय उत्पन्न झाले. जुन्या दुकानदारांस ठेवावे आणि मागाहून आलेल्यांस हलवावे, असा तंटा उभा राहिला. ज्यास मर्यादा नाही असा लाभ शेजाऱ्यास जाच वाटू लागतो. खाण्याचा बाजार भरवायचा तर किती गाड्या, कोणत्या जागी, किती वाजेपर्यंत, हे आधी ठरलेले बरे.

परदेशात याचा विचार झालेला दिसतो. जर्मनीतील बव्हेरिया प्रांतात, जेथे आपले पुष्कळ धर्मबांधव आहेत, म्युनिक शहरी १८१० पासून ऑक्टोबरफेस्ट हा मोठा मेळा भरतो. २०२३ मध्ये त्यास सुमारे बहात्तर लाख लोक आले. मद्याचा विषय बाजूस ठेवून एक नियम मात्र ध्यानी घेण्याजोगा आहे: तेथे म्युनिकच्याच सहा कारखान्यांची बिअर विकता येते, अन्य कोणाची नाही. कितीही श्रीमंत परगावचा व्यापारी आला तरी त्याचे पिंप मांडवात शिरत नाही. (त्या सहांपैकी काहींची मालकी आता परदेशी कंपन्यांकडे गेली आहे, तेव्हा नुसत्या नियमाने सर्व साधते असेही नाही.)

येथवर वाचून कोणी म्हणेल, मग परगावच्या विक्रेत्यास हाकलूनच द्यावे. ते आम्हांस मान्य नाही. गोव्याचा खाजेवाला आठवा. गुळाचा पाक आणि आले लावलेली ती बेसनाची कांडी आणल्यावाचून कोणी फेस्ताहून घरी येत नाही. तो खाजेवाला आज या गावच्या फेस्ताला, उद्या त्या गावच्या जत्रेला. त्याचे दुकान म्हणजे फेस्तांची पंजिका. प्रत्येक गावी तो परका, आणि प्रत्येक गावी त्याची वाट पाहतात. गोव्याच्या खाज्यास आता भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. वांद्र्याची मोत माउलीची जत्रा असो की हरेगावची मतमाउलीची यात्रा, असे फिरस्ते नसते तर त्या जत्रा उण्याच वाटल्या असत्या. तो एक ओटा मागतो, त्याचे भाडे देतो, आणि शेजारी बसलेल्या शेंगावालीस उठवीत नाही. आमच्या मते सारा भेद येथे आहे. जो मैदानात एक जागा घेतो तो पाहुणा. जो सारे मैदान घेतो तो मक्तेदार.

मक्तेदाराची ठोक रक्कम कमिटीस मोहात पाडते याचे कारण ती एकगठ्ठा येते आणि वहीत एका ओळीत लिहिता येते. सहा-सात बायांची कमाई कोणाच्याच वहीत येत नाही. ती पुढच्या महिन्यात वाण्याची उधारी फेडण्यात आणि मुलीच्या पुस्तकांत दिसते. फेरीवाल्यांचा २०१४ चा कायदा झाला तो शहरांसाठी. गाडीवाल्यांस कर्ज देणारी २०२० ची स्वनिधी योजनाही मुख्यत्वे शहरांचीच, जीत २०२५ च्या फेरबदलानंतर पहिले कर्ज पंधरा हजार रुपयांचे मिळते. टावर चौकातल्या गाडीवाल्यास निदान एवढा आधार आहे. खेड्यातल्या मैदानाच्या कडेस बसणाऱ्या बाईस कमिटीखेरीज कोणाचा आधार?

म्हणून आम्ही त्या धर्मग्रामास असे कळविले आहे, की मेळा अवश्य भरवावा, पण मैदान कोणा एकास देऊ नये. गाळे चाळीस आखावेत. पहिले पंधरा धर्मग्रामातल्या आणि शेजारच्या वाड्यांतल्या कुटुंबांस, जातीधर्माचा भेद न करता, नाममात्र भाड्याने द्यावेत, आणि त्यांत जुन्या बसणाऱ्या बायांस पहिली निवड असावी. उरलेले बाहेरच्यांस बोलीने द्यावेत. दुरुस्तीनिधीस जो पैसा हवा तो तेथून उभा राहील. बाहेरच्या गाळेवाल्याने पाव, भाजी, केळी, नारळ आणि बर्फ गावातून घ्यावा, अशी अट लिहून घ्यावी. पाण्याची टाकी आणि कचरा उचलणारी माणसे यांचा खर्च आधी बाजूस काढून ठेवावा. आणि मेळ्यानंतर महिन्याभराने गावातल्या दुकानदारांस, हलवायास, बेकरीवाल्यास विचारावे, की तुमचा महिना कसा गेला. तो जबाब फेस्ताच्या गर्दीच्या आकड्याशेजारी लिहून ठेवावा.

मक्तेदार जेवढे देणार होता त्याहून ही रक्कम थोडी कमी भरेल, हे आम्ही त्यांस स्पष्ट लिहिले आहे. छपराच्या एका बाजूचे पत्रे कदाचित पुढच्या वर्षी घालावे लागतील. कमिटीची बैठक येत्या रविवारी मिस्सेनंतर आहे.

दुसऱ्या रात्री आम्ही टावर चौकातून निघालो तेव्हा दहा वाजून गेले होते. गाडीवाल्याने पातेले खरवडून शेवटची प्लेट एका पोरास थोडी अधिकच भरून दिली, चूल विझविली, आणि शेवेचा रिकामा डबा पिशवीत घातला. तो डबा भरून घ्यावयास सकाळी त्याला कारागिराकडे जावयाचे होते.