नाव, वय आणि पत्ता : रोहा परिसरातील बदलती लोकसंख्या

रुग्णालयात येणाऱ्या प्रत्येक रुग्णाचा केसपेपर काढताना तीन गोष्टी प्रथम विचारल्या जातात : नाव, वय आणि पत्ता. नाव सांगताना सहसा कोणी अडखळत नाही. वय आणि पत्ता या दोन रकान्यांत मात्र गेल्या अर्धशतकात आपल्या परिसरात घडलेले स्थित्यंतर उमटलेले दिसते. लोकसंख्येचा विषय निघाला की आपल्या मनात केवळ ‘वाढ’ येते. रुग्णसेवेच्या दृष्टीने माणसे किती आहेत याइतकेच, ती कोणत्या वयाची आहेत, कोठून आली आणि कोठे गेली, हे प्रश्न महत्त्वाचे असतात. या प्रश्नांची ओळख आपले देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे नातेवाईक यांना करून द्यावी, हा या लेखाचा हेतू आहे.

वयाचा रकाना

१९५१ साली भारताची लोकसंख्या सुमारे ३६ कोटी होती. २०११ च्या जनगणनेत ती १२१ कोटींवर गेली. ही वाढ जननदर चढल्यामुळे झाली नाही. मृत्यूचे प्रमाण घटल्यामुळे झाली. देवी, पटकी, हिवताप यांसारख्या रोगांना आवर बसला, बालमृत्यू कमी झाले. स्वातंत्र्याच्या सुमारास सरासरी बत्तीस वर्षांचे असलेले आयुर्मान आज सत्तरच्या घरात आहे. मृत्यूचे प्रमाण आधी उतरते आणि जन्माचे प्रमाण काही दशकांनी उतरते. मधल्या काळात लोकसंख्या झपाट्याने वाढते.

महाराष्ट्रात हा मधला काळ सरत आला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्यात एका स्त्रीला सरासरी होणाऱ्या अपत्यांची संख्या १९९२-९३ मध्ये २.९ होती, २००५-०६ मध्ये ती २.१ झाली आणि २०१९-२१ मध्ये १.७ वर आली. एका पिढीची जागा पुढच्या पिढीने भरून काढण्यास हा आकडा २.१ च्या आसपास असावा लागतो. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले तेव्हा त्यांच्या वाट्याला उपहास आला. आज लहान कुटुंब ही गावोगावची सामान्य रीत झाली आहे.

याची दुसरी बाजू वृद्धत्वाची आहे. २०११ मध्ये साठ वर्षांवरील व्यक्तींचे प्रमाण देशात ८.६ टक्के, तर महाराष्ट्रात ९.९ टक्के होते. २०३६ पर्यंत देशातील हे प्रमाण सुमारे १५ टक्के होईल असा शासकीय तज्ज्ञगटाचा अंदाज आहे. याचा परिणाम रुग्णालयाच्या कामावर होतो. तापाचे औषध पाच दिवसांत संपते. रक्तदाबाचे आणि मधुमेहाचे औषध बहुधा जन्मभर घ्यावे लागते. मोतीबिंदू, खुब्याचे मोडलेले हाड, पक्षाघात या दुखण्यांत उपचारांइतकीच घरच्या माणसाच्या सोबतीची गरज असते. आणि येथेच पत्त्याचा रकाना पुढे येतो.

गेलेल्यांचा पत्ता

कोकणी माणसाची मुंबईशी असलेली नाळ फार जुनी आहे. गिरण्या आणि गोदी यांनी कोकणातील तरुणांना बोलावून घेतले. गावी घर, शेती आणि म्हातारे आईवडील. शहरात दहा बाय दहाची खोली. आणि दोहोंना जोडणारी मनिऑर्डर, असा हा संसार होता. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर या संसाराचा आधार तुटला. तरीही शहराची ओढ संपली नाही. १९८६ मध्ये रेल्वे रोह्यापर्यंत आली आणि १९९८ मध्ये रोह्यापासून पुढे कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली. मार्ग सुकर झाला तशी जाणाऱ्यांचीही सोय झाली.

कोकणातीलच दोन जिल्ह्यांची तुलना या दृष्टीने उद्बोधक आहे. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर उतरली. त्याच दशकात रायगडची लोकसंख्या २२,०७,९२९ वरून २६,३४,२०० झाली. २०११ मध्ये रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, रायगडमध्ये ९५९. पुरुष कामासाठी ज्या जिल्ह्यातून बाहेर पडतात आणि ज्या जिल्ह्यात ते येतात, त्यांतील अंतर या दोन आकड्यांत दिसते. रायगडच्या वाढीत मोठा वाटा मुंबईलगतच्या पनवेलचा आहे. जिल्ह्याच्या अंतर्भागातील अनेक वाड्यांचे चित्र मात्र रत्नागिरीच्या अधिक जवळ जाणारे आहे.

मुंबईवर संकट आले की हा प्रवाह उलटा फिरतो. १८९६ च्या प्लेगमध्ये असंख्य लोकांनी मुंबई सोडून गाव गाठले. २०२० च्या टाळेबंदीतही अनेक चाकरमानी मुंबई-गोवा महामार्गाने पायी निघाले. त्यातच ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि ज्या घरांच्या भरवशावर माणसे परतली होती, त्यांतील अनेकांची कौले व पत्रे उडाले.

रुग्णालयाच्या दारात याचे स्वरूप वेगळे असते. एकट्या राहणाऱ्या आजींना पहाटे पक्षाघाताचा झटका येतो. शेजारी त्यांना रिक्षातून घेऊन येतात. परंतु पुढच्या उपचारांचा विषय निघताच उत्तर मिळते, ‘मुलगा डोंबिवलीला आहे, तो आल्यावर ठरवू.’ मेंदूतील रक्तवाहिनीत गुठळी झाली असेल, तर ती विरघळविणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. मुलगा तातडीने निघतो, धावत येतो; पण तोपर्यंत ही वेळ टळलेली असू शकते. येथे दोष कोणा एकाचा नसतो. निर्णय घेणारा माणूस आणि रुग्ण यांच्यामध्ये शंभर किलोमीटरचे अंतर पडलेले असते.

आलेल्यांचा पत्ता

धाटावच्या औद्योगिक वसाहतीने या परिसराला रोजगार दिला, तसेच नवे रहिवासीही दिले. उत्तर प्रदेश, बिहारसारख्या दूरच्या राज्यांतून आलेले तरुण येथे कंत्राटी कामावर असतात. एका खोलीत अनेकांनी राहणे, अपुरे हवापाणी आणि एका दिवसाची मजुरी बुडण्याची धास्ती यांमुळे दुखणे ते अंगावर काढतात. त्यांना कमी लेखण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. आपला मुलगा ज्या कारणाने मुंबईस गेला, त्याच कारणाने हा मुलगा रोह्यास आला आहे. आणि त्याचेही आईवडील दूरच्या एखाद्या खेड्यात त्याच्या फोनची वाट पाहत आहेत.

ज्यांचा पत्ता ऋतूप्रमाणे बदलतो

तिसरा समूह कातकरी बांधवांचा. खैरापासून कात काढणे हा त्यांचा पूर्वापार व्यवसाय. त्यावरूनच हे नाव पडले. केंद्र शासनाने महाराष्ट्रातील ज्या तीन जमातींना विशेष असुरक्षित मानले आहे, त्यांत कोलाम आणि माडिया गोंड यांच्यासह कातकरी येतात. जंगलाचा आधार सुटल्यावर त्यांतील अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांकडे आणि कोळशाच्या भट्ट्यांकडे वळली. मालकाकडून उचल घ्यायची, दिवाळीनंतर मुलाबाळांसह बाहेर पडायचे आणि पावसाळ्याच्या तोंडावर परतायचे, असा त्यांचा वर्षक्रम असतो. वेठबिगारीस १९७६ च्या कायद्याने बंदी आहे. तरीही उचल फिटेपर्यंत भट्टी सोडता येत नाही असा अनुभव पुष्कळांचा आहे.

याचा थेट परिणाम आरोग्यावर होतो. बालकाचे लसीकरण अर्धवट राहते, गरोदर मातेची तपासणी तुटते. क्षयरोगाचे औषध सामान्यतः किमान सहा महिने अखंड घ्यावे लागते. ते मध्येच सुटले तर रोग बळावतो आणि नेहमीच्या औषधांना दाद न देणारा क्षय होण्याचा धोका वाढतो. अशा रुग्णाने ‘औषध सोडले’ असे आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात त्याचे गाव सुटलेले असते.

आपण काय करू शकतो

२०२१ ची जनगणना झाली नाही. नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ जाहीर झाली आहे. तिचे आकडे येतील तेव्हा येतील. तोवर काही गोष्टी आपल्या हाती आहेत. ज्यांचे वडीलधारे गावी एकटे राहतात, त्यांनी दोन दूरध्वनी क्रमांक, चालू औषधांची यादी आणि तातडीच्या वेळी निर्णय घेऊ शकेल अशा जवळच्या व्यक्तीचे नाव घरात दर्शनी जागी लिहून ठेवावे. हा निर्णय दुखणे येण्यापूर्वी, गणपतीला वा शिमग्याला सारे जमतात तेव्हाच, व्हावा. स्थलांतराला निघणाऱ्या कुटुंबाने माता-बालक कार्ड आणि औषधाची चिठ्ठी बरोबर न्यावी. क्षयरुग्णाने निघण्यापूर्वी कळविले, तर शासनाच्या ‘निक्षय’ नोंदणीद्वारे त्याचे उपचार नव्या ठिकाणी चालू ठेवता येतात.

देणगीदारांना व विश्वस्तांना नम्र विनंती एवढीच की, इमारत आणि यंत्रसामग्री यांबरोबरच वृद्धांच्या घरी जाणारी परिचारिका, वाडीवर आणि भट्टीवर पोहोचणारी तपासणी, हिंदीतून समजावून सांगणारा समुपदेशक यांचाही विचार व्हावा. या कामांची कोनशिला बसत नाही, त्यांवर नावाची पाटीही लागत नाही. परंतु ज्या रुग्णाचा पत्ता बदलत राहतो किंवा ज्याच्या पत्त्यावर दुसरे कोणी राहत नाही, त्याच्यापर्यंत रुग्णालय पोहोचते ते याच मार्गाने.