चिपमधली भोकं कोरतं कोण? थंड प्लाझ्माची गोष्ट

(या भागाचं लिखित रूप. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी.)



फोनवर 'स्टोरेज फुल' असा मेसेज आला की आपण काय करतो? गुड मॉर्निंगचे फोटो डिलीट करतो. पण मुळात ते फोटो साठतात कुठे? फ्लॅश मेमरीच्या चिपमध्ये. पूर्वी या चिपमधल्या पेशी एकाच मजल्यावर असायच्या, म्हणजे बैठी चाळ. आता टॉवर उभे राहिलेत, दोनशेहून जास्त थरांचे. आणि या सगळ्या थरांमधून वरपासून खालपर्यंत आरपार भोकं पाडावी लागतात, साधारण लिफ्टच्या शाफ्टसारखी.

भोकाची रुंदी किती? साधारण १०० नॅनोमीटर. आपला केस याच्या जवळजवळ हजारपट जाड असतो. आणि खोली रुंदीच्या पन्नासपटीहून जास्त. भोक जरा तिरकं गेलं किंवा मध्येच फुगलं, की तिथल्या पेशी बाद.

एवढं बारीक ड्रिल कुठलंच नाही. हे काम करतो प्लाझ्मा.

गरम की थंड?

वायूला वीज दिली की काही अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटतात. मागे उरलेला अणू धन प्रभाराचा होतो, त्याला आयन म्हणायचं. हे सुटे इलेक्ट्रॉन, आयन आणि उरलेला वायू यांचं मिश्रण म्हणजे प्लाझ्मा. ट्यूबलाइटमध्ये असतो तोच.

चिपच्या कारखान्यातला प्लाझ्मा 'कमी तापमानाचा' असतो. गंमत बघा: त्यातल्या इलेक्ट्रॉनचं तापमान तीस-पस्तीस हजार अंशांपर्यंत असतं, पण बाकीचा वायू त्या मानाने खूपच थंड. कारण इलेक्ट्रॉन फारच हलका. पिंगपाँगचा बॉल ट्रकवर आपटला तर ट्रक हलतो का? तसंच हे. शिवाय हवा जवळजवळ सगळी काढून टाकलेली असते, त्यामुळे टकराही कमी होतात. म्हणून समोर ठेवलेली सिलिकॉनची चकती, म्हणजे वेफर, जळत नाही.

मात्र हेच इलेक्ट्रॉन वायूचे रेणू फोडतात आणि त्यातून फ्लोरीनसारखे खादाड अणू बाहेर पडतात. हे अणू सिलिकॉनशी संयोग पावतात, नवा वायू तयार होतो आणि पंप तो ओढून घेतो. म्हणजे सिलिकॉन अक्षरशः हवेत उडून जातं!

१९७९ चा प्रयोग

पण एक कोडं होतं. फ्लोरीन तर सगळ्या दिशांना फिरतो. मग भोक सरळ खालीच का जातं? बाजूला का पसरत नाही? ॲसिडने कोरलं तर ते छापाच्या कडेखालूनही खात जातं आणि भोकाची वाटी होते. प्लाझ्मात तसं का होत नव्हतं?

प्लाझ्मात एकाच वेळी शंभर गोष्टी चालू असतात, त्यामुळे नेमकं कारण सापडत नव्हतं. अमेरिकेत सॅन होजेला आयबीएमच्या प्रयोगशाळेत जॉन कोबर्न आणि हॅरॉल्ड विंटर्स यांनी मग एक साधी युक्ती केली. प्लाझ्मा बाजूलाच ठेवला आणि त्यातल्या दोनच गोष्टी वेगवेगळ्या वापरल्या: एक, फ्लोरीन देणारा वायू, झेनॉन डायफ्लोराइड, दुसरी, आर्गॉन आयनांचा झोत. सिलिकॉनचा थर क्वार्ट्झच्या स्फटिकावर चढवला. थर झिजला की स्फटिकाच्या कंपनाचा वेग बदलतो, त्यावरून किती सिलिकॉन गेलं ते कळतं.

आधी नुसता वायू सोडला. कोरण्याचा वेग अगदी कमी, मिनिटाला अर्ध्या नॅनोमीटरच्या आसपास. मग त्याच्या जोडीला आयनांचा झोत चालू केला. वेग एकदम सुमारे दहापट! नंतर वायू बंद करून नुसते आयन ठेवले, आणि वेग पुन्हा खाली आला.

म्हणजे हिशोब 'एक अधिक एक बरोबर दोन' असा नाहीच. करपलेलं पातेलं आठवा. नुसता साबण लावून ठेवला तर डाग जात नाही, नुसतं कोरडं घासलं तरी जात नाही. दोन्ही एकत्र हवं.

मग सरळ भोक कसं?

इलेक्ट्रॉन चपळ, त्यामुळे ते वेफरवर आधी पोचतात आणि वेफर ऋण प्रभाराचा होतो. तो धन आयनांना सरळ खाली खेचतो. म्हणजे 'साबण' सगळीकडे लागतो, पण 'घासणी' फक्त तळाशी फिरते. भिंती बऱ्याच अंशी वाचतात. काही वायू तर भिंतींवर संरक्षक लेपही चढवतात.

आजची अडचण

भोक जितकं खोल, तितकी पंचाईत जास्त. अरुंद भोकात फ्लोरीन तळापर्यंत नीट पोचत नाही. तळाशी धन प्रभार साठतो आणि मागून येणाऱ्या आयनांना ढकलतो. वेग मंदावतो. मशीन जास्त वेळ अडकून राहतं, आणि चिप महाग होते.

यावरचा एक उपाय म्हणजे वेफरच गोठवायचा. जपानमध्ये हिताचीच्या संशोधकांनी १९८८ मध्येच सिलिकॉन उणे शंभर अंशांच्याही खाली नेऊन कोरून दाखवलं होतं. ती कल्पना आता मेमरीच्या चिपसाठी परत आलीय. प्रिन्स्टनची प्लाझ्मा प्रयोगशाळा, कोलोरॅडो विद्यापीठ आणि लॅम रिसर्च यांच्या संशोधकांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात, थंड वेफरवर हायड्रोजन फ्लोराइडचा प्लाझ्मा वापरून कोरण्याचा वेग मिनिटाला ३१० वरून ६४० नॅनोमीटरवर नेला. त्यांना एक खोडही सापडली: सिलिकॉन नायट्राइडच्या थरावर एक क्षार तयार होतो आणि काम मंदावतं. त्यावर पाण्याचा उपयोग होऊ शकतो, असंही दिसलं.

पद्धत पाहिलीत? पुन्हा तेच, १९७९ सारखं. गुंता झालाय ना, मग एकेक धागा वेगळा काढा, मोजा आणि पुन्हा जोडा. आपल्या फोनमध्ये उद्या जास्त फोटो मावतील की नाही, हे बऱ्याच अंशी अशा मोजमापांवर ठरतंय.

तर मंडळी, आज रात्री पातेलं घासायची पाळी तुमची असेल, तर कोबर्न आणि विंटर्स यांची आठवण काढा. आणि प्रश्न पडला तर कळवा. भेटूया पुढच्या भागात!