गाठ काढली, पुढे काय?

जळगाव-धुळ्याकडे उन्हाळ्यात लघवीला जळजळ झाली की 'उन्हाळी लागली' म्हणायचे आणि लघवी लाल झाली की मुतखडा. दोन्ही इतके सर्रास, की तिसरी शक्यता कुणाच्या मनातही येत नाही. धण्या-जिऱ्याचे पाणी सुरू होते, दोन दिवसांत रक्त थांबते, विषय मिटतो. घात होतो तो इथेच. मूत्राशयाच्या कर्करोगातले रक्त बहुधा दुखत नाही, आपोआप थांबते आणि काही आठवड्यांनी परत दिसते. पन्नाशी उलटलेल्या, विडी ओढणाऱ्या माणसाला असे एकदा जरी झाले, तरी दुर्बिणीची तपासणी टाळू नये. विडीच्या धुरातली अ‍ॅरोमॅटिक अमाइन्स रक्तातून मूत्रपिंडात येतात आणि लघवीबरोबर तासन्‌तास पिशवीच्या अस्तराला लागून राहतात. याच जातीची रसायने हाताळणाऱ्या रंग-कारखान्यातल्या कामगारांचे दुखणे लुडविग रेन या जर्मन सर्जनने 1895 मध्येच नोंदवले होते.

तपासणीत दिसलेली गाठ खरवडून काढली की घरचे विचारतात, ''परत येईल का?'' गाठ अस्तरापुरती असेल तर बऱ्याचदा पिशवीत बीसीजी लस सोडून भागते. स्नायूत शिरली असेल तर पिशवीच काढायची वेळ येऊ शकते. तपासलेल्या तुकड्यात स्नायूच आला नसेल तर रिपोर्ट अर्धाच समजावा. मुंबईला टाटा रुग्णालयात जाणाऱ्यांनी स्लाइडबरोबर गाठीचा तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉकही लॅबमधून मागून न्यावा; गाठीच्या पुढच्या तपासण्या त्यातूनच होतात.

त्या ब्लॉकचा तीन-चार मायक्रॉनचा काप काढतात आणि त्यावर ठरावीक प्रथिनाला चिकटणारे प्रतिपिंड सोडतात. ते चिकटले तिथे तपकिरी, बाकी निळसर. केआय-67 हे प्रथिन विभाजनाच्या फेऱ्यात असलेल्या पेशींतच दिसते. तपकिरी केंद्रके जितकी जास्त, तितकी गाठ उतावळी. पी53 मात्र फसवे. ते पेशीचा पहारेकरी. बिघडले की बहुधा नष्ट न होता साचते आणि केंद्रक गडद होते. काही बिघाडांत ते तयारच होत नाही, केंद्रक साफ कोरे. गडदही वाईट, कोरेही वाईट.

मग यावरून भविष्य सांगता येते? पिशवी काढलेल्या रुग्णांवरील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष 2011 मध्ये आले. पी53 बिघडलेल्यांना केमो देऊन फायदा दिसला नाही आणि पी53 वरून पुढचा अंदाजही बांधता आला नाही. उपचार अजून मुख्यतः गाठीची खोली आणि ग्रेड बघूनच ठरतात. तेव्हा रिपोर्टातल्या केआय-67 च्या टक्केवारीने झोप उडवून घेण्यात अर्थ नाही, असे माझे मत.

प्रथिनांनी खरा हात दिला तो औषधाला पत्ता पुरवून. नेक्टिन-4 हे प्रथिन या कर्करोगाच्या पेशींच्या पृष्ठभागावर असते. एन्फोर्टुमॅब व्हेडोटिन हे औषध त्याला धरून विष थेट पेशीत पोचवते. पसरलेल्या रोगासाठी अमेरिकेत त्याला 2019 मध्ये मान्यता मिळाली. किंमत मात्र आपल्याकडच्या शेतकरी कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची. गंमत म्हणजे, ते देण्याआधी नेक्टिन-4 तपासावेच लागत नाही. बहुतेक गाठींवर ते असतेच.