‘रक्तातील चरबी’ आणि ‘इन्सुलिन-प्रतिरोध’ : दोन संज्ञांचा विचार

वैद्यकातील संज्ञा लोकव्यवहारात उतरते, तेव्हा तिच्याबरोबर त्या शब्दाचे जुने अर्थही येतात. हे अर्थ नेहमीच निरुपद्रवी असतात असे नाही. आनुवंशिक कोलेस्टेरॉलवृद्धी आणि इन्सुलिन-प्रतिरोध या मुलांमध्ये आढळणाऱ्या दोन विकारांच्या अनुषंगाने हा मुद्दा येथे तपासावयाचा आहे.

पहिल्या विकाराचे मूळ जनुकात आहे. यकृताच्या पेशींवरील ग्राही रक्तातील एलडीएल हे कोलेस्टेरॉलवाहक कण उचलून घेतात. या यंत्रणेचा शोध लावणाऱ्या ब्राऊन व गोल्डस्टीन यांना १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आई किंवा वडील यांपैकी एकाकडून सदोष जनुक आल्यास ग्राहींचे कार्य जवळजवळ निम्म्यावर येते व जन्मापासूनच एलडीएल वाढलेले राहते. जगात सुमारे २५० ते ३०० माणसांमागे एकाला हा दोष असतो. बाधिताच्या प्रत्येक अपत्यास तो मिळण्याची शक्यता निम्मी असते.

मराठीत याला सर्रास ‘रक्तातील चरबी’ म्हणतात. परंतु चरबी ही आपल्या भाषेत ‘अंगावर चढणारी’ वस्तू आहे. साहजिकच सडपातळ मुलाच्या रक्तात ती असेल, हे पालकांना पटत नाही. वस्तुतः असे मूल पुष्कळदा सडपातळच असते. येथे ‘कोलेस्टेरॉल’ हा रुळलेला परकीय शब्दच अधिक निर्दोष होय.

‘प्रतिरोध’ या शब्दाची अडचण याच्या उलट आहे. ‘रोगप्रतिकार’ या परिचित शब्दाच्या सान्निध्यामुळे तो गुणवाचक वाटतो. प्रत्यक्षात अर्थ असा की, स्नायू, यकृत व मेदपेशी इन्सुलिनला पुरेशी दाद देत नाहीत आणि स्वादुपिंडास अधिक इन्सुलिन स्रवावे लागते. ‘दाद न देणे’ हा घरगुती वाक्प्रयोग हा अर्थ नेमका पोहोचवतो.

दोन्ही विकारांच्या रक्ततपासणीतील खुणाही निराळ्या आहेत. पहिल्यात एलडीएल फार वाढते, ट्रायग्लिसराइड बहुधा प्रमाणात असते. दुसऱ्यात ट्रायग्लिसराइड वाढते, एचडीएल घटते, मानेवरची त्वचाही काळवंडू शकते. एक दुसऱ्याचे कारण नव्हे. नेदरलँड्समध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ६३,३२० व्यक्तींच्या पाहणीत मधुमेहाचे प्रमाण सदोष जनुक असणाऱ्यांत १.७५ टक्के, तर त्यांच्या दोषमुक्त नातलगांत २.९३ टक्के आढळले.

तथापि एकाच मुलात दोन्ही विकार एकत्र येऊ शकतात, आणि तसे झाल्यास रोहिणींवरील भार वाढतो. आपल्याकडे ही शक्यता दुर्लक्षिण्याजोगी नाही. १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात दिसले की, तेथील नवजात बालके वजनाने कमी, पण मेदाच्या प्रमाणात तितकी उणी नसतात. म्हणजे बाह्य कृशता दोन्ही बाबतींत फसवी ठरते. स्टॅटिन औषधांनी प्रौढांत मधुमेहाचा धोका किंचित वाढतो, हेही खरे. परंतु त्या भयाने मुलाचे उपचार सोडणे अधिक घातक होय.

वसई-विरारसारख्या परिसरात प्रमाण मराठीबरोबरच वाडवळी व सामवेदी बोली घरोघरी नांदतात. तेथे संज्ञा केवळ भाषांतरित करून भागत नाही. ऐकणाऱ्याच्या मनात ती कोणता अर्थ जागवते, हेही पाहावे लागते. आई-वडिलांपैकी कोणास तरुणपणीच हृदयविकार झाला असेल, तर कृश मुलाचेही रक्त तपासावे, हे एक वाक्य नीट पोहोचणे हीच परिभाषेची खरी कसोटी आहे.